कुंडीतल्या झाडांना पाणी किती आणि केव्हा? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिवळ्या पानांचे फोटो मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतात. सोबत बहुधा एकच वाक्य असतं, "रोज न चुकता पाणी घालते, तरी असं का होतंय?" त्या 'न चुकता'मध्येच बरंचसं उत्तर असतं. मनी प्लांट, स्नेक प्लांट, पीस लिली, अरेका पाम, सिंगोनियम, मॉन्स्टेरा अशी उष्ण प्रदेशातून आलेली आणि आपण घरात, सावलीत, कुंडीत वाढवतो ती झाडं, एवढाच इथला विषय. उन्हातल्या गुलाब-जास्वंदीचा आणि तुळशीचा हिशेब वेगळा आहे.

पाणी किती दिवसांनी घालायचं?

दिवस ठरवून घालायचंच नाही. पेरणी कधी करणार असं शेतकऱ्याला विचारलं तर तो तारीख सांगत नाही, "वाफसा आला की" म्हणतो. वाफसा म्हणजे मातीच्या बारीक पोकळ्यांत ओल आणि मोठ्या पोकळ्यांत हवा, अशी स्थिती. मूठभर माती दाबली की लाडू वळतो आणि खाली टाकला की फुटतो. मुळांना हवी असते ती हीच अवस्था, मग जमीन पाच एकराची असो की सहा इंची कुंडीतली.

पाणी घातल्यावर कुंडी आधी चिंब होते, जास्तीचं पाणी निथळतं, वाफसा येतो, काही दिवस टिकतो आणि मग माती कोरडी पडत जाते. पुढचं पाणी वाफसा संपत आला की द्यायचं. तो किती दिवस टिकेल हे उजेड, उष्णता, हवेतला दमटपणा, कुंडीचा आकार, मातीचा प्रकार आणि मुळांची गर्दी यांवर ठरतं. पुण्यात आमच्या पूर्वेच्या खिडकीतला मनी प्लांट एप्रिलमध्ये चौथ्या दिवशी पाणी मागतो. तोच जुलैमध्ये नऊ-दहा दिवस आरामात काढतो. झाड तेच, कुंडी तीच. "आठवड्यातून दोनदा" हा सल्ला दोन्ही वेळा चुकला असता.

बरं, एका वेळी किती घालायचं?

पोटभर. कुंडीच्या खालच्या भोकातून पाणी वाहायला लागेपर्यंत, सगळीकडून, सावकाश. ते थांबलं की बशीत साचलेलं पाणी ओतून टाकायचं.

जास्त पाण्याने झाड मरतं हे ऐकून अनेक जण रोज अर्धी वाटी घालू लागतात. यात दोन्हीकडून नुकसान होतं. वरचा दोन इंचाचा थर कायम ओला राहतो, खालची माती कोरडी ठणठणीत, मुळं वरच्या वरच घुटमळतात. शिवाय पाण्यातले आणि खतातले क्षार वाहून न जाता कुंडीतच साचतात. म्हणून मापात हात आखडू नका, दोन पाण्यांमधलं अंतर वाढवा. या पानावरून एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

आकडा हवाच असेल तर माझा वजनकाट्याचा अनुभव सांगते. सहा इंची प्लास्टिकच्या कुंडीतला सिंगोनियम पाणी निथळल्यावर साधारण दोन किलो भरतो आणि पाणी द्यायच्या वेळेला दीड किलो. म्हणजे मधल्या दिवसांत अर्धा लिटर पाणी झाडाने प्यायलं किंवा उडून गेलं. तेवढं परत भरायचं, वर थोडं निथळून जाण्यापुरतं. तुमच्या कुंडीचा आकडा वेगळा असेल, पण दोनदा वजन केलंत की तो हाताला कळायला लागतो.

जास्त पाण्याने झाड मरतं, म्हणजे नेमकं काय होतं?

मुळं गुदमरतात. पानं उजेडात अन्न तयार करतात, पण मुळांना ते वापरण्यासाठी प्राणवायू लागतो आणि तो त्यांना मातीतल्या हवेतूनच मिळतो. मातीच्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हा मार्ग बंद होतो, कारण प्राणवायू पाण्यातून हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू पसरतो. आधीचा साठा मुळं आणि जिवाणू मिळून लवकर संपवतात.

प्राणवायू नाही म्हणजे ऊर्जा नाही, आणि ऊर्जा नाही म्हणजे मूळ अन्नद्रव्यं ओढू शकत नाही. म्हणून माती खताने भरलेली असूनही पानं पिवळी पडतात. नवीन मुळं फुटायची थांबतात. अशा अर्धमेल्या मुळांवर पिथियम, फायटोप्थोरासारखे पाण्यात फोफावणारे रोगकारक जीव चढाई करतात आणि मूळकूज सुरू होते. आपल्याला वर काही दिसेपर्यंत खाली बरंच काही घडून गेलेलं असतं.

इथे 'जास्त' या शब्दाचा घोळ आहे. एकदा बादलीभर पाणी ओतल्याने चांगल्या निचऱ्याची कुंडी बिघडत नाही, जास्तीचं पाणी खालून निघून जातं. बिघडतं ते आधीचा वाफसा संपायच्या आत पुन्हा-पुन्हा ओतल्याने.

माती ओली आहे, तरी पानं मान टाकतात. अजून पाणी घालू का?

नाही! सर्वांत जास्त झाडं याच क्षणी मरतात. गुदमरलेली मुळं समोर पाणी असूनही ते वर चढवू शकत नाहीत, त्यामुळे पानं तहानलेल्या झाडासारखीच लोंबतात. आपण काळजीने आणखी एक तांब्या ओततो. माझी पहिली पीस लिली मी अशीच घालवली, तीन आठवडे रोज सकाळी तिला पाणी पाजून. अजून आठवलं की वाईट वाटतं, कारण बोट घालून माती बघायला दोन सेकंद पुरली असती.

लोंबलेली पानं दिसली की आधी माती तपासा. कोरडी असेल तर पाणी द्या. पीस लिली तर तासा-दोन तासांत उभी राहते. ओली असेल तर पाणी बंद, झाड अधिक उजेडाच्या आणि मोकळ्या हवेच्या जागी हलवा आणि शेवटचा प्रश्न वाचा.

मग बाटलीतल्या नुसत्या पाण्यात मनी प्लांट कसा जगतो?

फार चांगला प्रश्न, आणि तो हमखास येतो. पाण्यात फुटणारी मुळं वेगळी घडतात. त्यांच्या आत हवेच्या पोकळ्या जास्त असतात, त्यांतून वरून खालपर्यंत प्राणवायू पोचतो. बाटलीतल्या स्वच्छ पाण्यातही थोडा विरघळलेला प्राणवायू असतो आणि त्यावर हक्क सांगणारे जिवाणू तिथे कमी असतात. चिंब मातीत मात्र शेणखत कुजवणाऱ्या जिवाणूंची झुंबड असते. शिवाय मातीत वाढलेलं मूळ एका दिवसात पाण्यातलं मूळ होत नाही. उलटही तेच. म्हणून बाटलीतला वेल कुंडीत लावला की पहिले दोन-तीन आठवडे माती ओलसर ठेवावी लागते आणि मग हळूहळू अंतर वाढवायचं.

पाणी कमी पडलं तर वाढीवर काय परिणाम होतो?

कोमेजणं ही फार उशिराची खूण आहे. नवीन पान मोठं होतं ते पेशी पाण्याच्या दाबाने फुगतात म्हणून. पाणी थोडं जरी कमी पडलं तरी सर्वांत आधी हे फुगणं मंदावतं. झाड वरून ठीक दिसतं, पण नवं पान मागच्यापेक्षा लहान येतं, पेरं आखूड होतात. ताण वाढला की पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटतात, पाणी वाचतं, पण हवेतला कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही आणि अन्न तयार होणं घटतं. आणखी पुढे पानांच्या कडा करपतात, खालची पानं गळतात. झाडाने शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त पानांवाटे हवेत जातं, म्हणून तुटवडा आधी पानांवर दिसतो.

तरीही एकदा कोरडं पडलेलं झाड बहुधा सावरतं. कुजलेली मुळं मात्र पुन्हा जिवंत होत नाहीत. शंका असेल तर एक दिवस थांबा, असं मी म्हणते ते यासाठी.

संत्र्याला, डाळिंबाला बहार धरण्यासाठी ताण देतात. तसा घरातल्या झाडांना द्यावा का?

नको. बागायतदार पाणी तोडून ताण देतात तो फुलं यावीत म्हणून. आपल्याला घरात पानं हवी असतात आणि पानांची वाढ ताणाने खुंटते.

पानं मोठी व्हावीत म्हणून पाणी वाढवलं तर?

पाण्याने पान ठरलेल्या आकारापर्यंत पोचतं, त्यापुढे जात नाही. कोकणात, गोव्यात नारळाच्या किंवा आंब्याच्या खोडावर चढलेला मनी प्लांट पाहिला असेल. पानं सुपाएवढी आणि फाटलेली. तोच वेल टीव्हीशेजारी तळहाताएवढी पानं देतो. फरक आधाराचा आणि उजेडाचा आहे. काथ्याच्या खांबावर चढवा, खिडकीजवळ आणा, मग त्याची पाण्याची गरज आपोआप वाढेल. हा क्रम उलटा करू नका. अंधाऱ्या कोपऱ्यातलं झाड पाणी वापरतच नाही, तिथे दिलेलं जास्तीचं पाणी मुळाशी साचून राहतं.

कोणत्या झाडाला किती कोरडं होऊ द्यायचं?

'उष्णकटिबंधीय' म्हणजे 'सदा ओलं' असा समज आहे, तो खरा नाही. मूळ गाव पाहिलं की उलगडा होतो. स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतला, झेडझेड प्लांट पूर्व आफ्रिकेतला. दोघांनाही लांबलचक कोरडे महिने सोसायची सवय. झेडझेडच्या मातीखाली बटाट्यासारखे गड्डे असतात, त्यांत पाणी साठतं. स्नेक प्लांट आपली छिद्रं मुख्यतः रात्री उघडतो, त्यामुळे दिवसाच्या उन्हात त्याचं पाणी वाया जात नाही. या दोघांची कुंडी तळापर्यंत कोरडी होऊ द्या. पावसाळ्यात महिनाभर पाणी नाही दिलं तरी चालतं.

मनी प्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन हे झाडांवर चढणारे वेल. त्यांची मुळं हवेशीर, पटकन निथळणाऱ्या जागेला सरावलेली. वरची दोन इंच माती, किंवा मोठ्या कुंडीत वरचा तिसरा भाग, कोरडा झाला की पाणी. अरेका पाम मादागास्करचा. वरचा इंचभर थर वाळला की त्याला द्यावं, फार कोरडा पडला तर झावळ्यांची टोकं करपतात. पीस लिली आणि कॅलेथिया जंगलाच्या ओलसर तळाशी वाढणाऱ्या, त्यांचा फक्त पृष्ठभाग सुकू द्या.

माती तपासायची कशी?

बोट दोन पेरं आत घाला. मोठ्या कुंडीत खराट्याची हीर तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटं ठेवा आणि बाहेर काढा. ढोकळा शिजला का हे सुरी घालून बघतो ना, अगदी तसं. माती चिकटून, गडद होऊन आली तर थांबा. कुंडी उचलून वजन पाहणं ही सर्वांत खात्रीची पद्धत. स्वस्तातले ओलावामापक मी वापरून सोडून दिले. ते मातीतून वीज किती वाहते यावरून अंदाज बांधतात, म्हणून क्षार जास्त असतील तर कोरडी मातीही ओली दाखवतात.

प्लास्टिकची कुंडी की मातीची? तळाला खडे घालू का?

मातीची कुंडी माठासारखी पाझरते, तिच्या भिंतीतूनही पाणी उडतं. हात सैल सुटत असेल तर मातीची घ्या, पाणी विसरत असाल तर प्लास्टिकची. बाहेरून ऑइल पेंट दिलेली मातीची कुंडी पाण्याच्या हिशेबाने प्लास्टिकसारखीच समजा.

खड्यांचा जाड थर मात्र नको. पाणी बारीक मातीतून भरड खड्यांत सहजी उतरत नाही, ते वरच्या मातीतच धरलेलं राहतं. त्यामुळे ओला पट्टा खाली जाण्याऐवजी मुळांच्या आणखी जवळ येतो. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की उभा करा. पुन्हा पाणी निघेल. उथळ कुंडी जास्त ओली का राहते आणि उंच कुंडी कमी का, हे या स्पंजात दिसतं. भोकावर एक खापरी ठेवली की पुरे.

कुंडी फार मोठीही घेऊ नका. चार इंची रोप एकदम दहा इंचीत लावलं तर मुळं पोचत नाहीत अशी माती आठवडे ओली राहते. एक-दोन इंचांनी वाढवत जा.

कोणती माती?

काळी माती कुंडीत अजिबात नको, ती पाणी धरून बसते आणि वाळली की दगड होते. मी लाल माती, कोकोपीट, गांडूळखत आणि भाताचा तूस किंवा बारीक केलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे असं साधारण सम प्रमाणात घेते. नर्सरीतून आणलेली रोपं बऱ्याचदा नुसत्या कोकोपीटमध्ये असतात. कोकोपीट आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतं आणि वरून फिकट, सुकं दिसत असताना आतून ओलं असतं, तिथे डोळ्यावर विसंबू नका. ते पूर्ण वाळलं तर उलटा त्रास होतो: आक्रसतं, कडेने फट पडते आणि घातलेलं पाणी सरळ खालून निघून जातं. अशी कुंडी पाण्याच्या बादलीत निम्म्यापर्यंत वीस-तीस मिनिटं बसवा.

पावसाळ्यात, उन्हाळ्यात, एसीत काय बदल करायचा?

पावसाळ्यात हवा दमट, ढगांमुळे उजेड कमी, म्हणजे पाणी उडणंही कमी आणि वापरणंही कमी. घरातली झाडं सर्वांत जास्त कुजतात ती जुलै-ऑगस्टमध्ये, कारण हात उन्हाळ्याच्या सवयीने चालत राहतो. पाऊस लागला की अंतर दुप्पट करून बघा.

उन्हाळ्यात पारा ४०च्या वर गेला की, विशेषतः विदर्भात, खिडकीतल्या लहान कुंड्यांना रोज पाणी लागू शकतं. सकाळी द्या, गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी हाताला चटका देईल इतकं तापलेलं असतं. कूलरच्या खोलीत हवा दमट, तिथे थोडं कमी. एसीची हवा कोरडी, पण पडदे ओढलेले असतील तर उजेड नाही, म्हणून तिथे हीर खुपसूनच ठरवा. हिवाळ्यात रात्री १५ अंशांखाली गेल्या की ही झाडं जवळजवळ थांबतात, नाशिककडच्या मंडळींनी डिसेंबर-जानेवारीत हात आवरावा.

परदेशातल्या भाच्या-पुतण्यांनाही हेच सांगते. लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो. हीटरने हवा कोरडी झाली तरी झाडाला उजेडच नाही, तेव्हा पाणी कमीच.

नळाचं, बोअरिंगचं, आरओचं: कोणतं पाणी चांगलं?

नळाचं पाणी चालतं, त्यातल्या क्लोरीनची फार चिंता नको. पावसाचं सर्वांत उत्तम, एसीचं ठिबकणारं पाणीही क्षारमुक्त असतं, अधूनमधून वापरा. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र कुंडीत नको, त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते फरशी पुसायला घ्या.

बोअरिंगचं पाणी जड असेल तर मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरी पापडी धरते, पानांची टोकं तपकिरी होतात. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात भरमसाट पाण्याने आणि निचऱ्याअभावी जमिनी चिबड, खारवट झाल्या. कुंडीत तेच लहान प्रमाणावर घडतं. दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडी न्हाणीघरात नेऊन तिच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट पाणी सावकाश ओतून निथळू द्या. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथे स्पायडर प्लांट आणि ड्रसीना यांची टोकं करपतात, त्यांच्यासाठी पावसाचं पाणी साठवा.

सकाळी पानाच्या टोकाला थेंब दिसतात. हे काय?

अळूच्या पानाला दिसतात तेच. रात्री छिद्रं मिटलेली असताना मुळं पाणी वर ढकलतात आणि ते पानाच्या टोकातून बाहेर पडतं. रोग नाही. रोजच दिसत असतील तर माती जरा जास्त ओली आहे.

पानांवर फवारा मारला तर पाणी कमी लागेल का?

नाही. काही मिनिटांत ते उडून जातं. पावसाळ्यात तर पानांवर डाग पडायला निमित्त होतं. ओल्या फडक्याने धूळ पुसणं जास्त उपयोगाचं.

कुंडीभोवती चिलटं झाली आहेत.

त्यांच्या अळ्या वरच्या ओल्या दोन इंचांत वाढतात. तेवढा थर नीट वाळू द्या, पिवळे चिकट सापळे लावा. तांदूळ धुतलेलं पाणी, चहाचा चोथा काही दिवस बंद.

डासांची गोष्ट गंभीर आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास बशीतल्या आणि मनी प्लांटच्या बाटलीतल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. बशा रोज रिकाम्या करा. बाटलीचं पाणी दर आठवड्याला बदला आणि बाटली आतून घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली राहतात.

दहा दिवस गावी जायचंय. झाडांचं काय?

गणपतीला जात असाल तर पावसाळाच असतो. निघताना पोटभर पाणी द्या, खिडकीपासून दोन-तीन फूट आत सरकवा, कुंड्या एकत्र ठेवा. बहुतेक झाडं तग धरतात. मे महिन्यात वात लावा: सुती दोरीचं एक टोक मातीत तीन-चार इंच खोल, दुसरं शेजारच्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी. दोरी आधी भिजवून घ्या, बादलीवर झाकण ठेवा आणि निघायच्या आठवडाभर आधी एकदा करून बघा. स्नेक प्लांट आणि झेडझेडला यातलं काहीच करू नका.

मुळं कुजली आहेत असं वाटतं. झाड वाचेल का?

बऱ्याचदा वाचतं, वेळेत पाहिलं तर. कुंडी आडवी करून झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा. निरोगी मुळं पांढरट, घट्ट असतात. कुजलेली काळी-तपकिरी, बोटात दाबली की साल निसटते आणि आत दोरा उरतो, वासही येतो. कात्री गरम पाण्याने धुऊन पुसून घ्या आणि कुजलेला सगळा भाग कापून टाका. मुळं निम्मी गेली असतील तर पानंही थोडी कमी करा. उरलेल्या मुळांना जेमतेम बसेल एवढ्या लहान कुंडीत नव्या भुसभुशीत मातीत लावा, एकदा पाणी द्या आणि भरपूर उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

मनी प्लांट, सिंगोनियम, मॉन्स्टेराची मुळं पूर्ण गेली असली तरी वेल हिरवा असेल तर पेराखाली कापून फांदी पाण्यात ठेवा, दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. झेडझेडचे गड्डे टणक असतील तर तेवढ्यावरही झाड परत येतं, फक्त महिनोन्‌महिने लागतात. खत मात्र नवं पान उलगडेपर्यंत नको.